लाल ढगाचा टी-शर्ट आणि दुकानदाराचे काम

तीस वर्षांपूर्वी लहान मुलांच्या कपड्यांवर काय छापलेले असायचे? फूल, मोटार, बदक, फार तर मिकी माऊस. त्या चित्राचा अर्थ विचारण्याची वेळ दुकानदारावर कधी आली नाही, कारण त्यात दडलेले असे काही नव्हतेच. बदक ते बदक. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, दिग्रस असो, पुसद असो, उमरखेड किंवा वणी असो, रेडिमेडच्या दुकानासमोर टांगलेल्या टी-शर्टांवर नजर टाका. काळ्या कापडावर लाल ढग. पांढऱ्या केसांचा एक तरुण, तोंडावर दात विचकलेला चामडी मुखवटा. कानात पत्त्यासारखी कर्णफुले लटकवलेला आणि हातात तलवार घेतलेला एक मुलगा. ही सगळी चित्रे जपानी कार्टूनमधली आहेत. गेल्या काही सीझनपासून मुलांच्या होजिअरी मालात यांच्याइतके दुसरे काही उठत नाही, असा आमच्या पेठेचा अनुभव आहे.

लाल ढगाचेच घ्या. पाहणाऱ्याला वाटेल, पावसाळ्याची डिझाइन आहे. प्रत्यक्षात तो ‘नारुतो’ या मालिकेतल्या ‘अकात्सुकी’ नावाच्या टोळीचा पोशाख आहे. पैसे घेऊन लढणाऱ्या आणि खून पाडणाऱ्या फरारी लोकांची ही टोळी. तिच्यातला पोरांचा सर्वांत लाडका गडी इताची, हा आपल्याच खानदानाची कत्तल करून आलेला. पुढे कथेत त्याची मजबुरी काय होती ते कळते, पण ते कळायला शेकडो भाग पाहावे लागतात. मुखवट्याचा तरुण आहे ‘टोकियो घूल’ या कथेतला. माणसाचे मांस खाल्ल्याशिवाय त्याला जगता येत नाही, हेच त्याचे दुःख आणि हीच त्याची कथा. घूल हा शब्द तरी उर्दू वाचणाऱ्याला ओळखीचा आहे. अरबीतून आलेला, उजाड जागी भटकणारा आणि माणसे खाणारा ‘गूल’ तो हाच. आमच्याकडे हा गूल २४ नंबरात येतो. २४ नंबर म्हणजे पाच-सहा वर्षांचे पोट्टे.

आमच्या गिऱ्हाइकांत काही घरे अशी आहेत की चेहऱ्याचे चित्र असलेला कपडा नमाजसाठी नको म्हणून साधा किंवा पट्ट्यांचा माल मागतात. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपोआप सुटला, असे कोणी समजू नये. ढगाला चेहरा नसतो. चेहऱ्याचा टी-शर्ट बाजूला सारून वडील समाधानाने लाल ढग निवडतात आणि शेजारी उभा असलेला मुलगा गालात हसतो. त्याला ठाऊक असते आपण काय घेतले ते.

या साऱ्या घोटाळ्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. हलते चित्र म्हणजे कार्टून, आणि कार्टून म्हणजे लहान मुलांचे. आई स्वयंपाकात असते, पोरगे रडते, तिने मोबाईलवर कार्टून लावून दिले, काम झाले. सिनेमा लावून देताना ती दोनदा विचार करील, कार्टूनच्या वेळी करणार नाही. वास्तविक आपल्याच मातीतला इतिहास वेगळे सांगतो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला आणि पुढे प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपट काढले. हे खेळ थिएटरात सर्व वयांच्या माणसांसमोर होत. चित्र हाताने काढले म्हणून ते लहानांचे, असा नियम कोणी केलेला नव्हता. दूरदर्शनने रविवारी सकाळी कार्टून दाखवायला सुरुवात केली आणि आपल्या मनात तो नियम पक्का झाला. १९९३ मध्ये ज्या ‘जंगल बुक’ने गावोगावचे रस्ते रविवारी ओस पाडले, ते कार्टूनही जपानमध्येच तयार झाले होते. पण ते खरोखर मुलांसाठी होते.

जपानी लोकांचा हा धंदा कसा चालतो, हे कापडवाल्याला इतरांपेक्षा लवकर समजेल. ते साइज लावतात. तिथे चित्रकथा आधी साप्ताहिकांत आणि मासिकांत छापून येतात आणि प्रत्येक मासिकाचा वाचक ठरलेला असतो. लहान मुलांची ती ‘कोदोमो’, वाढत्या वयाच्या मुलांची ती ‘शोनेन’, तरुण पुरुषांची ती ‘सेनेन’. ‘नारुतो’ १९९९ पासून शोनेन साप्ताहिकात आली, म्हणजे ती आठवी-नववीच्या पोरांची. ‘टोकियो घूल’ २०११ पासून सेनेन साप्ताहिकात आली, म्हणजे कॉलेजच्या आणि नोकरीच्या वयाची. कथा कोणत्या मासिकात छापली गेली, यावरून तिथल्या दुकानदाराला ती कोणत्या फळीवर ठेवायची ते कळते. मग तिचे कार्टून होते, ते समुद्र ओलांडते, कोणीतरी त्यातले चित्र उचलतो, फिल्मवर छापतो, हीट प्रेसने टी-शर्टावर दाबतो आणि ठोक बाजारात आणतो. या प्रवासात कॉलरमागचा नंबर नवा लागतो, आणि चित्राचा मूळ नंबर मात्र केव्हाच गळून पडलेला असतो.

नंबर गळाला की काय होते, याचा भारतातला सर्वांत मोठा दाखला म्हणजे ‘शिनचॅन’. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे नाव रोज ऐकू येत असेल. पाच वर्षांचा हा वात्रट मुलगा १९९० मध्ये योशितो उसुई या चित्रकाराने ‘मांगा अ‍ॅक्शन’ नावाच्या साप्ताहिकात आणला. ते साप्ताहिक मोठ्या पुरुषांचे होते. पोराच्या तोंडून नवरा-बायकोचे, पगाराचे, कर्जाच्या हप्त्याचे वाभाडे काढायचे आणि दमून घरी आलेल्या नोकरदाराला हसवायचे, ही त्यातली गंमत. १९९२ मध्ये त्याची टीव्ही मालिका झाली आणि ती पाहू लागली मुले. जपानी पालकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे जी यादी केली, कोणता कार्यक्रम मुलांनी पाहू नये याची, तिच्यात शिनचॅन वरच्या जागी असे. म्हणजे तक्रार फक्त आपल्याकडची नाही.

भारतात तो २००६ मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदी बोलत आला. मोठ्या बायकांशी लगट, चड्डी काढून नाचणे, आईला उलट उत्तरे. पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि २००८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने मालिका बंद करायला लावली. पुढच्याच वर्षी काटछाट करून ती परत आली आणि आजतागायत चालू आहे. इतकी की २०२५ च्या ऑगस्टमध्ये जपानात लागलेल्या त्याच्या नव्या चित्रपटात शिनचॅन चक्क भारतात येतो. बंदीने काय साधले? कात्री लागली, एवढे नक्की, आणि ती लागायलाच हवी होती. परंतु बंदीच्या त्या काळात आमच्या बाजारातून शिनचॅनचे दप्तर, पाण्याची बाटली किंवा बनियन कोणी उचलले नाही. सरकारचे लक्ष पडद्यावर होते. कापडाकडे कोणी पाहिले नाही, आजही पाहत नाही.

पडद्यासाठी आता नियम बरेच स्पष्ट झाले आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोबाईलवरच्या चित्रपट-मालिकांना ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे टप्पे लावले, आणि १३ च्या वरच्या मालाला पालकांसाठी कुलूप ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या प्रमाणपत्रावरही हेच टप्पे आले. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती आहे. त्यात रंग विषारी नाही ना, टोक बोचत नाही ना हे पाहतात. चित्र कशाचे आहे हे पाहत नाहीत. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेसारख्या गर्दीत लांब हातांचे, सुईसारखे दात असलेले निळे केसाळ बाहुले लहान पोरींच्या गळ्यात लोंबताना दिसले, तर त्याचे नाव ‘हगी वगी’ असे समजावे. २०२१ च्या एका भयाच्या मोबाईल-संगणक खेळातला तो राक्षस आहे आणि जीव घेतो. मुलगी त्याला उशाशी घेऊन झोपते.

आता दुसरी बाजू. ही चित्रे तरुण पोरांना का ओढतात? केवळ रक्त आणि चावटपणा यांच्यामुळे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही दुकानातल्या कामाच्या पोरांना, आणि गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना हे विचारत असतो. त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एकाने सांगितले, ‘चाचा, छोटा भीममध्ये भीम हरतच नाही. लाडू खाल्ला की जिंकला. इथे हिरो हरतो, त्याचे लोक मरतात, तो पुन्हा उठतो.’ दुसरा म्हणाला, ‘यात कोणी आम्हाला लहान समजत नाही.’ या उत्तरांत तथ्य आहे. कर्णफुले घातलेला तो तलवारवाला मुलगा, ‘डिमन स्लेयर’चा तंजिरो, याचे सारे घर एका रात्री मारले जाते आणि उरलेल्या एकट्या बहिणीला पाठीवरच्या पेटीत घेऊन तो वणवण फिरतो. बहिणीसाठी भावाने जीव टाकणे, हे आपल्या पोरांना परके वाटेल कसे? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा चित्रपट हिंदीसह भारतभर लागला, तेव्हा तिकिटांसाठी पोरांची झुंबड उडाली. अमेरिकेत मात्र याच मालिकेच्या २०२० च्या चित्रपटाला सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच यावे असे प्रमाणपत्र मिळाले होते, कारण माना उडतात त्या पडद्यावर उडतात.

शिवाय प्रौढांसाठी म्हणजे घाणेरडे, हे समीकरणही चुकीचे आहे. १९८८ चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी चित्रपट महायुद्धातल्या बॉम्बफेकीत पोरक्या झालेल्या भावा-बहिणीचा आहे. दोघेही उपासमारीने मरतात. त्यात अश्लील असे काही नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला तो दाखवण्याची आमची हिंमत होणार नाही. २०१७ चा ‘द ब्रेडविनर’ काबूलच्या परवाना नावाच्या मुलीचा आहे. बाप तुरुंगात गेल्यावर घर चालवण्यासाठी ती केस कापून मुलगा बनते. आणि आपल्या मुंबईच्या गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोज’ केला, जो २०१९ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. बालविवाहातून पळालेली फुले विकणारी मुलगी आणि काश्मीरमधून आलेला सलीम यांची ती कथा, एकेक चित्र हाताने रंगवून केलेली. मोठ्यांसाठीचे कार्टून म्हणून आम्ही कोणाला काही सुचवू तर हे सुचवू. बाकी, ‘बॉम्बे रोज’चा टी-शर्ट आम्हाला आजवर कोणी मागितलेला नाही.

तेव्हा दोष चित्रकाराचा कमी आहे. त्याने माल कोणाचा ते सांगितले होते. पोराचाही दोष नाही, मोठ्यांच्या ताटातले पोराला नेहमीच गोड लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कारंजखेड असो की घाटंजी, शेतावरच्या पोराच्या हातात तेच आले जे मुंबईच्या पोराच्या हातात होते. मध्ये उभे आहोत आम्ही, म्हणजे दुकानदार. आणि चित्र निवडणारा शेवटचा मोठा माणूस बहुतेक वेळा बाप नसून दुकानदार असतो, हे आमच्या व्यापारी बंधूंनी लक्षात घेतले पाहिजे. कापसाचे पैसे हातात आल्यावर तांड्यावरून, पोडावरून माणूस येतो. मुलगा बाहेर मोटारसायकलपाशी. तो म्हणतो, ‘शेठ, पोट्ट्यासाठी एखांदा चांगला काढा.’ चांगला म्हणजे काय, हे त्याने आमच्यावर सोपवलेले असते. रंग उतरणार नाही, शिलाई उसवणार नाही, हे आपण पाहतो. ते पाहायला आपल्याला कोणी कायद्याने सांगितलेले नाही. चित्र तेवढे पाहायचे नाही, हे कोणत्या हिशेबात बसते?

काही व्यापारी म्हणतात, अमेरिकेतही असेच झाले, काय बिघडले? खरे आहे, झाले. तिकडे ‘द सिम्पसन्स’ ही मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. रात्रीच्या वेळी, मोठ्यांनी कुटुंबासह पाहायची. तिच्यातला दहा वर्षांचा उनाड बार्ट हा १९९० मध्ये टी-शर्टावर इतका विकला गेला की परवान्याच्या मालाबरोबर नकली मालाचाही पूर आला. नापास होण्याचा अभिमान सांगणारा मजकूर छातीवर घेऊन मुले वर्गात येऊ लागली तेव्हा काही शाळांनी तो टी-शर्टच बंद केला. म्हणजे तिथेही भांडण मालिकेवरून कमी आणि टी-शर्टावरून जास्त झाले. टीव्ही घरात राहतो, टी-शर्ट शाळेत जातो.

नकली मालाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. आमच्या बाजारात येणारा हा बहुतेक माल परवान्याचा नाही. मुंबई-बेंगळुरूच्या काही कंपन्या रीतसर परवाना घेऊन अशी चित्रे छापतात, त्यांचा एक टी-शर्ट आमच्या तीन-चार टी-शर्टांच्या भावात पडतो. ते कंपन्यांचे लोक गिऱ्हाइकाचे वय विचारतात असे नाही, पण कोणते चित्र कोणाचे याची लेखी नोंद त्यांच्याकडे असते. बिनपरवाना मालात नोंद कसली? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. ट्रेडमार्क कायद्यात नकली छापाचा माल विकणाऱ्यालाही तेवढेच आहे. छापा पडला की छापणारा सापडत नाही, टांगणारा सापडतो. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ठोकवाल्याकडे चित्राचे नाव बिलावर मागितले, तर त्याला उत्तर मिळाले, ‘नाव कशाला, चालतंय ना!’ बिलावर फक्त ‘किड्स प्रिंट’ असते. सारा धोका ‘किड्स’ या एका शब्दात भरलेला आहे.

आम्ही दोन सीझनपासून आमच्यापुरते एक करतो. असा माल ३४ नंबराच्या खाली ठेवत नाही. त्याखाली छोटा भीम, मोटू-पतलू, डोरेमॉन, गाड्या, पट्टे आणि साधा रंग. मोठ्या पोराला, जो ती मालिका पाहून समजून मागतो, त्याला नाही म्हणत नाही. त्याला उपदेशही करत नाही, तो पुसदला जाऊन घेईल. यात नुकसान होते का? होते. लहान भावाला मोठ्यासारखाच हवा असतो, आणि तो नाही म्हटल्यावर दोन्ही भावांचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. ईदच्या आधीच्या आठवड्यात हे उघड दिसते. दुसरीकडे काही आया आता मुद्दाम येतात आणि आधी विचारतात, ‘भाईजान, यावर कशाचं चित्र आहे ते सांगा.’ दोन्हींचा हिशेब अजून बरोबर जुळलेला नाही.

खरी अडचण सेटची आहे. धंद्यातले लोक जाणतात, ठोकवाला एकच डिझाइन पूर्ण सेटमध्ये देतो, २४ पासून ३४ पर्यंत प्रत्येकी एक किंवा दोन पीस. ३४ पाहिजे तर २४ घ्यावाच लागतो. सेट फोडला की त्याच्याकडे लहान नंबर पडून राहतात. त्यामुळे ज्याला असा माल लहान मुलांना विकायचा नाही, त्यालाही तो विकत घ्यावा लागतो, आणि विकत घेतलेला माल पडून ठेवणे कोणाला परवडते? आम्ही मुलांचा माल नागपूरच्या गांधीबागेतून आणि थेट कलकत्त्याच्या मेटियाब्रुझहून आणतो. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांचे राज्य गेल्यावर ते १८५६ मध्ये तिथे जाऊन राहिले, आणि आज तिथल्या गल्ल्यांत शिवलेले मुलांचे कपडे देशभर जातात. ते कापून, शिवून, छापून देणारे लोक आपल्यासारखेच लेकरेबाळेवाले आहेत. यवतमाळचा कापूस गाठींनी बाहेर जातो, धागा होतो, कापड होते आणि गूलचे तोंड लावून परत आमच्याच दुकानात येतो. या वाटेवर कोणीतरी चित्राचे नाव विचारावे, एवढेच मागणे आहे.

मेटियाब्रुझच्या आमच्या जुन्या पेढीवाल्याशी या विषयावर फोनवर बरेच बोलणे झाले. त्याचे म्हणणे, एका दुकानासाठी सेट फोडता येत नाही. पण सहा दुकानदारांनी मिळून ऑर्डर दिली तर तो दोन वेगळे सेट करून देईल. २० ते ३० मध्ये मुलांची चित्रे, ३२ च्या पुढे ही मोठ्यांची, आणि चित्राचे नाव बिलावर लिहून. भावात डझनामागे थोडा फरक पडेल म्हणाला. दिग्रस, पुसद आणि उमरखेड मिळून आम्ही चार जण झालो आहोत. दारव्हा आणि आर्णीचे दोन व्यापारी घरच्यांशी बोलून सांगतो म्हणाले आहेत. ऑर्डर शाळा उघडण्याच्या हंगामाची आहे, तेव्हा महिनाअखेरपर्यंत त्यांचा होकार यायला हवा.